कांडल्याचा शत्रू कोण?

नकाशावर पट्टी ठेवली तर गुजरातमधल्या कच्छच्या कांडला बंदराहून कराची मुंबईपेक्षा जवळ भरते. उत्तरेला रण ओलांडलं की सरळ रेषेत दीडशे किलोमीटरच्या आसपास पाकिस्तानची हद्द. पश्चिमेला खाड्यांचं जाळं, त्यातल्या सर खाडीचा वाद अजून मिटलेला नाही. एवढं सांगितलं की बंदराची ओळख संपली, असं आपल्याकडे धरून चालतात. बातमीत कांडला आलं की मागोमाग 'संवेदनशील' येतं, 'सीमावर्ती' येतं आणि अधूनमधून 'हाय अलर्ट' येतो. ऑगस्ट २०१९ मध्ये पाकिस्तानी कमांडो कच्छच्या खाड्यांतून घुसणार अशी खबर लागली, कांडला आणि मुंद्रा या दोन्ही बंदरांवर सावधगिरीचे आदेश निघाले आणि वाहिन्यांवर तोच तो समुद्र फिरत राहिला. पुढे काही घडलं नाही.

खबर खोटी होती असं मी म्हणत नाही. अशा खबरीवर पहारा वाढवायलाच हवा. मे २०२५ मध्ये कच्छने ड्रोनही पाहिले आणि ब्लॅकआउटही. माझी तक्रार वेगळी आहे. सीमेजवळचं बंदर म्हटलं की आपण दुर्बीण घेऊन खाडीच्या तोंडाशी उभे राहतो, आणि कांडल्याच्या माणसांचा जीव ज्यांनी घेतला त्या गोष्टी बहुतेक आपल्या पाठीमागून आल्या आहेत.

आधी हे बंदर तिथे का आहे, ते पाहू. पंजाब, राजपुताना आणि वायव्येच्या मुलखाचा गहू-कापूस पूर्वी कराचीतून बाहेर जायचा. ती कराची मराठी माणसाला परकी नव्हती. १९३६ पर्यंत सिंध मुंबई इलाख्याचाच भाग होता. कराचीतली एक जुनी शाळा नारायण जगन्नाथ वैद्य यांच्या नावाने ओळखली जाई, आणि सिंधी भाषेची लिपी नीट बसवण्याच्या कामातही याच वैद्यांचं नाव घेतलं जातं. १९४७ मध्ये कराची पलीकडे गेली आणि उत्तर भारताचा सगळा भार मुंबई बंदरावर पडला. नवीन बंदर कुठे काढायचं, हे ठरवायला कस्तुरभाई लालभाईंच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. तिने १९४८ मध्ये कांडल्याचं नाव दिलं. कच्छच्या महाराव खेंगारजींनी तिथे आधीच एक धक्का बांधून ठेवला होता. जानेवारी १९५२ मध्ये नेहरूंनी पायाभरणी केली, १९५५ मध्ये कांडला 'मोठं बंदर' म्हणून जाहीर झालं. सिंधमधून उठून आलेल्या निर्वासितांसाठी भाई प्रताप यांनी शेजारी गांधीधाम वसवलं. जमीन तेव्हाच्या महारावांनी दिली, पंधरा हजार एकर. १९५६ ते १९६० कच्छ द्वैभाषिक मुंबई राज्यात होता, म्हणजे साडेतीन वर्षं कांडल्याचा आणि आमचा मंत्रालयाचा पत्ता एकच होता. (तेव्हा त्याला सचिवालय म्हणत.)

या सगळ्यात मला भावते ती एक गोष्ट. सीमा जवळ आहे म्हणून कोणी मागे सरलं नाही. सीमा पडली म्हणूनच तर बंदर काढायचं होतं. १९६५ साल घ्या. एप्रिलमध्ये कच्छच्या रणात दोन्ही सैन्यांची चकमक झडली. सप्टेंबरच्या युद्धात पाकिस्तानी नौदलाने द्वारकेवर तोफा डागल्या, आणि १९ सप्टेंबरला गुजरातचे मुख्यमंत्री बळवंतराय मेहता यांचं विमान कच्छवरच पाकिस्तानी लढाऊ विमानाने पाडलं. त्याच १९६५ मध्ये कांडल्याला निर्यातीसाठीचं मुक्त व्यापार क्षेत्र सुरू झालं. आशियातलं असं पहिलं. आज एखाद्या सल्लागार कंपनीकडे फाइल पाठवली असती तर तिने पहिल्याच पानावर 'भू-राजकीय जोखीम' लिहून ती परत केली असती.

त्या पिढीला धोका कळत नव्हता असं नाही. विस्थापितांना काम हवं, गव्हाला वाट हवी, हे तिने आधी मोजलं आणि तोफा नंतर.

आता मालाकडे येतो. माझी नोकरीची वर्षं आधी मुंबईत आणि मग न्हावा शेव्याला क्लिअरिंगच्या कामात गेली. जहाजावर चढलो असेन चार-पाच वेळा. बाकी आयुष्य कागदात. बिल ऑफ लेडिंग, इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन. बाहेरच्या माणसाला वाटतं, कस्टम्सवाले बॉक्स उघडून बघतात. उघडतात, पण तो अपवाद. सगळे बॉक्स उघडायचे म्हटलं तर बंदर आठवड्याभरात तुंबेल. त्यामुळे कोणता उघडायचा हे संगणक ठरवतो, तेही आधीच्या कागदांवरून. एकदा खजुराच्या एका मालात गोण्यांवरची मूळ छपाई खरवडलेली दिसली. विचारलं तर पार्टी शांतपणे म्हणाली, "दुबईत पुन्हा पॅक झालाय." आता दुबईत खजूर पुन्हा पॅक होतोही. निम्मं खरं असलेलं खोटं पकडायला किती वेळ लागतो, हे त्या आठवड्यात कळलं.

म्हणून सप्टेंबर २०२१ ची मुंद्र्याची बातमी वाचली तेव्हा मला नवल वाटलं ते फक्त वजनाचं. जवळजवळ तीन हजार किलो हेरॉइन. माल अफगाणिस्तानचा, चढला इराणच्या बंदर अब्बासला, उतरला मुंद्र्याला, आणि कागदावर होती शंखजिऱ्याची खडी. रात्रीच्या अंधारात नाही, काळ्या बोटीतून नाही. रीतसर कंटेनरमधून, नंबर टाकून, भाडं भरून. आयातदाराची नोंद विजयवाड्याची. विजयवाड्याचा माल पूर्व किनारा सोडून मुंद्र्याला का उतरतो, हा प्रश्न शेवटी भूजच्या कोर्टाला विचारावा लागला. क्लिअरिंगच्या धंद्यातला कुठलाही जुना कारकून तो पहिल्या चहालाच विचारता. सात महिन्यांनी, एप्रिल २०२२ मध्ये, खुद्द कांडल्याला जिप्सम पावडरच्या कंटेनरमधून दोनशे किलोंहून अधिक हेरॉइन निघालं. पुन्हा बंदर अब्बास, पुन्हा नीटनेटके कागद.

फेब्रुवारी २०२० चं 'दा कुई युन' जहाज आठवतं? चीनहून कराचीजवळच्या पोर्ट कासिमला निघालेलं, हाँगकाँगचा झेंडा. वाटेत कांडल्याला अडवलं. मालाच्या यादीत औद्योगिक ड्रायर लिहिलेला होता. डीआरडीओच्या तज्ज्ञांनी पाहिलं तर ऑटोक्लेव्ह, म्हणजे उष्णता आणि दाब देणारी बंद टाकी, क्षेपणास्त्राच्या कामात वापरता येईल अशी. हे जहाज गस्ती बोटीने ओळखलं नाही. आधी माहिती मिळाली, मग कोणीतरी यादीतली ओळ आणि वस्तू शेजारी शेजारी ठेवून पाहिली.

इथे कोणी हटकून म्हणेल की छोट्या बोटीही येतात. येतात. डिसेंबर २०२१ मध्ये 'अल हुसैनी' नावाची पाकिस्तानी बोट ७७ किलो हेरॉइनसह गुजरातच्या किनाऱ्याजवळ पकडली गेली; फेब्रुवारी २०२४ मध्ये नौदलाने समुद्रात तीन हजार किलोंहून अधिक मादक पदार्थ जप्त केले. तटरक्षक दल आणि नौदल आपलं काम करतात, आणि त्यांना बोटी, इंधन, माणसं जे लागेल ते द्यावं. पण त्यांची बाजू मांडायला वाहिन्या आहेत, परेड आहे, नौदल दिन आहे. मूल्यांकनाच्या टेबलावर बसून मूळ देशाच्या रकान्याकडे दुसऱ्यांदा पाहणाऱ्या अधिकाऱ्याची परेड कोणी काढत नाही.

मुंबईचा माणूस म्हणेल, २६/११ विसरलात काय? विसरणं शक्य नाही. कराचीहून निघालेले ते दहा जण पोरबंदरची 'कुबेर' ही मासेमारी बोट पळवून आले, म्हणजे शेवटच्या टप्प्यात त्यांनीही भारतीय ओळखच पांघरली होती. आणि कफ परेडच्या मच्छीमार नगरला उतरल्यावर त्यांना "कुठून आलात?" असं हटकलं ते कोळी वस्तीतल्या माणसांनी. त्याआधीचे १९९३ चे मुंबईतले बॉम्बस्फोट घ्या. आरडीएक्स उतरलं ते रायगडच्या शेखाडीला. शेखाडी कुठल्याच अर्थाने सीमेजवळ नाही. तिथे सीमा विकली गेली होती. त्या खटल्यात कस्टम्सच्या अधिकाऱ्यांना आणि पोलिसांना शिक्षा झाल्या. किनाऱ्यापासून शत्रूचा देश किती मैलांवर आहे, हे त्या रात्री कोणाच्याच उपयोगी पडलं नाही.

व्यापारबंदीचंही तेच. पुलवामानंतर फेब्रुवारी २०१९ मध्ये पाकिस्तानी मालावर दोनशे टक्के जकात बसली. पहलगामनंतर मे २०२५ मध्ये तिथल्या मालाची आयात पूर्ण बंद झाली, थेट आलेली असो वा तिसऱ्या देशातून. पाकिस्तानी झेंड्याच्या जहाजांना आपली बंदरं बंद, आपल्या जहाजांना त्यांची. निर्णयाशी माझं भांडण नाही. पण पुढच्याच महिन्यात महसूल गुप्तचर संचालनालयाने 'ऑपरेशन डीप मॅनिफेस्ट'मध्ये ३९ कंटेनर पकडले, १,११५ टन माल, किंमत नऊ कोटींच्या घरात. माल पाकिस्तानचा, कागद यूएईचा, वाट दुबईची, आणि त्यात खारीक-खजूर होताच. पकडले कुठे? कांडल्याला नव्हे. आमच्या न्हावा शेव्याला. सीमेपासूनचं अंतर बघून पहारा ठेवायचा ठरवला असता तर हे ३९ डबे एव्हाना वाशीच्या बाजारात सुटे होऊन विकले गेले असते.

गंमत अशी की दुबईची डीपी वर्ल्ड कंपनी पोर्ट कासिमलाही कंटेनर टर्मिनल चालवते, न्हावा शेवा आणि मुंद्र्यालाही चालवते, आणि कांडल्याजवळ तुणा टेकरा इथे नवीन टर्मिनलचा करारही २०२३ मध्ये तिनेच केला. जहाजांना सीमा आहे, क्रेनला नाही. मी याला कट म्हणत नाही. जगभर बंदरं अशीच चालतात. फक्त, ज्या व्यवहाराची हद्द अशी विरघळलेली आहे त्याच्यावर नजर ठेवायची तर खाडीतल्या गस्तीइतकीच दुबईतली, बंदर अब्बासमधली कागदपत्रं वाचता येणारी माणसं लागतील. खबर फोडणारी, आकडे चाळणारी, 'एवढा खजूर यूएईमध्ये पिकतो तरी का?' असा साधा प्रश्न पडणारी. हा खर्च बातमीत दिसत नाही, म्हणून तो सगळ्यांत शेवटी मंजूर होतो.

हा झाला मालाचा भाग. यावर मतभेद होऊ शकतात आणि तज्ज्ञ मला दुरुस्त करतील. ज्या भागावर मतभेद होऊ नयेत तो माणसांचा.

९ जून १९९८. अरबी समुद्रातलं चक्रीवादळ पोरबंदर-जामनगरच्या बाजूने किनाऱ्यावर चढलं आणि कच्छचं आखात ओलांडून कांडल्यावर आलं. कांडल्याला भरती-ओहोटीतला फरक मुळातच सहा मीटरच्या पुढे असतो; खोल जहाजं भरतीची वाट पाहूनच आत येतात. आखात आत आत चिंचोळं होत जातं, म्हणून पाणी चढलं की त्याला पसरायला जागा राहत नाही. त्या दिवशी वाऱ्याने ढकललेलं पाणी मिठागरांवर आणि खाडीकाठच्या झोपड्यांवर चढलं. बंदराला वादळाची कल्पना होती. जहाजांसाठी बावटे असतात, खुणा असतात, सगळी रीत ठरलेली असते. मिठागरात राहणाऱ्यांसाठी काय ठरलेलं होतं? तिथे कोण राहतं हेच कुठे लिहिलेलं नव्हतं. मीठ काढणारे, गोण्या भरणारे, धक्क्यावर रोजंदारीवर जाणारे. बरेचसे उत्तरेकडून, पूर्वेकडून आलेले, मुकादमाच्या भरवशावर. सरकारी हिशेबातही मृत हजाराच्या वर आणि बेपत्ता त्याहून जास्त. गांधीधामात लोक याच्या कितीतरी पट आकडा सांगतात. खरा आकडा कोणालाच सांगता येणार नाही, कारण मेलेल्यांची गणती करायला आधी जिवंत असतानाची गणती लागते.

'बेपत्ता' या शब्दावर मी बराच विचार केला आहे. जहाज बेपत्ता झालं तर त्याच्या मालकाला विमा मिळतो, कारण जहाजाची नोंद असते. कंटेनर हरवला तर त्याचा अकरा खुणांचा नंबर असतो, तो जगात कुठेही शोधता येतो. कांडल्याच्या खाडीत त्या दिवशी सर्वांत कमी कागद असलेली वस्तू माणूस होती.

१९६५ आणि १९७१ ही दोन्ही युद्धं धरली तरी कांडल्यात शत्रूने जेवढी माणसं मारली नाहीत, तेवढी एका दुपारी पाण्याने नेली. तरी कांडल्याचं नाव काढलं की आपल्याला वादळ आठवत नाही, सर खाडी आठवते.

आणि लक्ष वळवलं की जमतं, हेही त्याच किनाऱ्याने दाखवलं. जून २०२३ मध्ये 'बिपरजॉय' कच्छमध्येच, जखौजवळ धडकलं. कांडल्याचं काम आधीच थांबवलं, जहाजं बाहेर काढली, सखल भागातली वस्ती हलवली. गुजरातच्या किनाऱ्यावरून लाखाच्या घरात लोक हलवले गेले. जीवितहानी बोटांवर मोजण्याइतकी. पंचवीस वर्षांत हवामान खातं सुधारलं, उपग्रह आले, मोबाइल आले. पण नुसत्या उपग्रहाने कोणी वाचत नाही. कोणीतरी बस घेऊन दारात उभं राहावं लागतं, आणि बस कुठे पाठवायची ते माहीत असावं लागतं. ज्या सरकारी यंत्रणेवर मी एरवी टीका करतो, तिचं त्या आठवड्याचं काम मी मनापासून वाखाणतो.

एवढ्याने भागलं असतं तर हा लेख इथेच थांबवला असता. यंत्रणेला वादळाचा विसर पडला नाही, पण बाकीच्याचा रोज पडतो.

पाणी अडवणारी खारफुटी घ्या. नानी चिरई आणि मोटी चिरईच्या पट्ट्यात मिठागरांच्या बांधांनी भरतीचं पाणी तोडलं आणि तिवरं सुकली, ही तक्रार राष्ट्रीय हरित लवादापर्यंत नेली ती उंट पाळणाऱ्यांनी. कच्छचे खराई उंट पोहत जाऊन तिवरं खातात. तिवरं गेली की उंट गेले. २०१९ मध्ये लवादाने बांध हटवायला आणि पाण्याची वाट मोकळी करायला सांगितलं. ही जमीन बंदराच्या अखत्यारीतली. ज्या बंदराने १९९८ पाहिलं, त्याला आपल्याच अंगणातल्या तिवरांची आठवण करून द्यायला उंटवाले लागावेत!

टाक्या घ्या. देशात येणाऱ्या खाद्यतेलाचा फार मोठा वाटा कांडल्याला उतरतो. आपल्या घरी दिवाळीत कढईत जे पामतेल उकळतं त्याने बहुधा कांडला पाहिलेलं असतं. सोबत मिथेनॉल, आम्लं, कसली कसली रसायनं. बंदराभोवती टाक्यांची गावंच्या गावं आहेत. डिसेंबर २०१९ मध्ये मिथेनॉलच्या टाकीचा स्फोट होऊन कामगार गेले. ऑक्टोबर २०२४ मध्ये जवळच्या एका तेलाच्या कारखान्यात गाळाची टाकी साफ करायला उतरलेला एक गुदमरला, त्याला काढायला बाकीचे उतरले, आणि पाच जण गेले. जुलै २०२५ मध्ये मिथेनॉल उतरवून बाहेर पडलेल्या 'फुल्दा' जहाजावर स्फोट झाला. सुदैवाने २१ खलाशी वाचले. यातली एकही बातमी राष्ट्रीय चर्चेत दोन दिवस टिकली नाही. हाच स्फोट एखाद्या घुसखोराने घडवला असता तर? आपण अजून त्यावर बोलत असतो. टाकी कोणी फोडली यावरून माणसाचं मरण लहान-मोठं ठरवायची ही सवय मला समजत नाही.

दिल्लीच्या निर्णयांचं ओझंही शेवटी इथेच येऊन थडकतं. १३ मे २०२२ ला गव्हाची निर्यात एका रात्रीत बंद झाली. निर्णय बरोबर की चूक हा अर्थतज्ज्ञांचा विषय. कांडल्याबाहेर मात्र गव्हाचे चार हजारांच्या आसपास ट्रक उभे राहिले. मे महिना, कच्छ, आणि ड्रायव्हर आपल्याच केबिनच्या सावलीत. भाडं थांबलं, डिझेलचे पैसे संपले, गाडी सोडून जाता येत नाही. हे त्यांना कोणत्या शत्रूने केलं?

बंदराचं मोठेपण आपण टनांत मोजतो. २०१५-१६ मध्ये कांडल्याने दहा कोटी टनांचा टप्पा ओलांडला. केंद्र सरकारच्या बंदरांत तो मान पहिला. २०२४-२५ मध्ये आकडा पंधरा कोटींवर गेला. (२०१७ पासून नाव दीनदयाळ बंदर आहे. ट्रकवाले अजून कांडलाच म्हणतात.) या आकड्यात एक खोच आहे. त्यातला मोठा हिस्सा आखाताच्या पलीकडच्या, जामनगरकडच्या वाडिनारचा, कच्च्या तेलाचा. समुद्रातल्या बोयाला जहाज बांधलं, नळी जोडली, तेल गेलं. त्या टनाला जवळजवळ हात लागत नाहीत. हात लागतात ते लाकडाला, मिठाला, खताला, साखरेला. आणि टनांच्या तक्त्यात दोन्ही टन सारखेच दिसतात, त्यामुळे हातांचा हिशेब कोणाला द्यावा लागत नाही.

मग काय करायचं? नवीन शोध लावायची गरज नाही, आपल्या घरातच नमुना आहे. महाराष्ट्राचा माथाडी कायदा १९६९ चा. हमालाचा मालक रोज बदलतो, म्हणून त्याची नोंद मालकाकडे न ठेवता मंडळाकडे ठेवायची. मजुरी आणि वर लेव्ही मालकाने मंडळात भरायची. भविष्य निर्वाह, दवाखाना, नुकसानभरपाई मंडळाने पाहायची. मस्जिद बंदरच्या आणि वाशीच्या बाजारात हमालाच्या खिशात जे ओळखपत्र असतं ते या कल्पनेचं फळ. माथाडीच्या नावावर पुढे काय काय झालं, कोणी टोळ्या जमवून कारखान्यांच्या दारात पैसे उकळले, हे मला माहीत आहे. धंद्यात असताना त्याचा ताप सोसलाही आहे. तरी नोंद ही गोष्ट टिकली. गुजरातकडेही १९७९ पासून असंघटित अंगमेहनती कामगारांसाठी याच धर्तीचा कायदा आहे. गोदी कामगारांसाठी तर १९४८ चाच केंद्राचा कायदा होता आणि कांडल्याला गोदी कामगार मंडळही होतं. म्हणजे एके काळी या बंदराला आपल्या माणसांची यादी ठेवता येत होती. कंत्राटी पद्धत वाढली तशी यादी कंत्राटदारांच्या वहीत गेली, आणि वही कंत्राटाबरोबर बदलते.

सुरक्षेच्या भाषेतच बोलायचं तर बोलू. बंदराच्या हद्दीत, टाक्यांच्या पट्ट्यात आणि बंदराने भाड्याने दिलेल्या मिठागरांत आज रात्री कोण झोपलं आहे, याची खरी यादी ही सुरक्षेची पहिली पायरी. पोलिसांना ती हवीच असते, फक्त ते तिला 'पडताळणी' म्हणतात आणि गरिबाला ती चौकीची भीती वाटते. तीच यादी मंडळाने ठेवली, तिच्याबरोबर विमा आला, वादळात बस आली, टाकीत उतरण्याआधी वायू मोजून देणारा माणूस आला, तर कामगार स्वतः पुढे येऊन नाव घालेल. आणि असा नाव घातलेला माणूस अनोळखी बोट दिसली की हटकेल, जसं मच्छीमार नगरच्या कोळ्यांनी हटकलं. परक्यासारख्या ठेवलेल्या माणसाकडून ती अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करायची?

खर्च येईल, हे उघड आहे. टनामागे लेव्ही बसली तर माल मुंद्र्याला जाईल, असं कांडल्याचे लोक लगेच म्हणतील. साठेक किलोमीटरवर खासगी बंदर असताना ही भीती पोकळ नाही. म्हणून लेव्ही कच्छच्या सगळ्या बंदरांवर सारखी बसवावी लागेल, आणि त्यासाठी केंद्राचं बंदर आणि राज्याच्या परवान्यावर चालणारं बंदर यांना एका टेबलावर बसवावं लागेल. अवघड आहे. कराची गमावल्यावर दलदलीत बंदर उभं करण्याइतकं अवघड मात्र नाही.

जूनची सुरुवात आता या किनाऱ्यावर वादळाचा काळ म्हणून धरली जाते. मिठाचा हंगाम तेव्हा आवरत आलेला असतो, पाऊस आलेला नसतो, आणि शेवटच्या गोण्या उचलायला माणसं खाडीकाठी थांबलेली असतात. १९९८ च्या ९ जूनला ती तशीच थांबली होती. या वर्षी किती थांबली आहेत, हे विचारायला कांडल्यात कोणत्या कचेरीत जायचं?